श्रावणातल्या गोळ्या

"शिवा, बिगीनं निघ. अक्का बोलंना झालीय." दाजींचा हा फोन आला तेव्हा मी नांदेडला माझ्या पाइप-मोटारीच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला फुटव्हॉल्व्ह दाखवत होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, महानंदा अक्काचे मालक. लातूरला त्यांची आडत आहे, आता पुतणे बघतात. मला वाटलं, दोघांची जुंपली असेल आणि अक्का फुगून बसली असेल. "काय केलंत आता दाजी?" असं मी हसून विचारलंसुद्धा...  दाजी एकदम म्हणाले, "अरे, बोलाय बघतीय, पर शब्दच फुटंना. तोंड एका अंगाला गेलंय," आणि रडायलाच लागले. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या डोळ्यात मी पाणी पाहिलं नव्हतं. शटर ओढलं, घरून मंगलला, माझ्या बायकोला घेतलं आणि गाडी लातूरच्या रस्त्याला लावली. पोळा तोंडावर आला होता. लोहा, अहमदपूर, चाकूर, जिथं बघावं तिथं दुकानांपुढं बैलांच्या झुली, गोंडे, घुंगरमाळा टांगलेल्या. त्या सगळ्या रंगांचा मला त्या दिवशी राग येत होता.

दवाखान्यात अक्का उताणी पडलेली होती. कपाळावरची विभूती कुणी पुसली नव्हती, म्हणजे पूजा उरकून उठतानाच हे झालं असणार. उजवा हात, उजवा पाय लाकडासारखा. मी जवळ गेलो, "अक्का, मी शिवा" म्हणालो. तिनं ओळखलं. डोळ्यांनी ओळखलं. ओठ हलले, काहीतरी घरघर आली, आणि ज्या बाईनं जन्मभर बोलून पोरींना शिकवलं तिला माझं दोन अक्षरी नाव घेता येईना. मग तिनं डावा हात उचलला, माझं मनगट चाचपलं आणि अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवली. नाडी बघत होती माझी! कुणीही घाबराघुबरा होऊन दारात आला की आधी नाडी बघायची तिची सवय, ती तेवढी शाबूत राहिली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, प्रेशर हाताबाहेर गेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे तिला मातीत बसवून दिलं, हातात तिच्या गळ्यातलं इष्टलिंग दिलं, आणि आम्ही घरी येऊन भिंतीला टेकलो.

मातीला आलेल्या गर्दीतच मी एका पाव्हण्याला दुसऱ्याच्या कानात बोलताना ऐकलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान..." पुढचं त्यानं गिळलं, कारण मी बघितलं त्याच्याकडं. पण म्हण खोटी नव्हती, म्हणूनच ती इतकी झोंबली. हे लिहायचं मनात आलं तेव्हा मी दाजींना विचारलं. ते म्हणाले, "लिही. पर तिला कुणी हसंल असं लिहू नको." तेव्हा ज्यांना हसायचं असेल त्यांनी पुढं वाचू नये, ही विनंती.

अक्का लातूरला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सगळ्या पुस्तकात तिचा जीव एकाच धड्यावर, रक्ताभिसरणावर. तशी लातूरच्या माणसाला प्रेशर म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, आलं तर वरच्या मजल्यावर चढत नाही, आणि गल्लीत एखाद्यानं मोटार लावली की बाकीच्यांच्या नळाला नुसती हवा. अक्कानं हेच धरलं. एका उन्हाळ्यात नांदेडला आली, आल्या आल्या माझ्या दुकानात शिरली आणि म्हणाली, "शिवा, मला आरपार दिसणारी नळी पाहिजे. अन् दोन लहान मोटारी. कूलरच्या असल्या तरी चालतील." मी म्हणालो, "दोन कामून? एकीनं पाणी फिरतंय की." तिनं माझ्याकडं वर्गातल्या ढ पोरीकडं बघावं तसं बघितलं. "हृदय बाहेरून एक दिसतंय रं, आतून शेजारी शेजारी दोन मोटारी हायत. उजवी रक्ताला फुप्फुसाकडं ढकलती. तिथनं ते ताजी हवा घेऊन डावीकडं येतं. डावी साऱ्या अंगाला पुरवती, डोक्यापासून पायाच्या नखापतोर. म्हणून तर डावीची भिंत जाड." मग तिनं नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उचलला, उलटा-सुलटा फुंकून बघितला आणि पोरीसारखी हरखली. "ह्याच की झडपा! गेलेलं रक्त माघारी येऊ देत न्हाईत!" शाळेत तिनं ती सगळी नळ्यांची वेटोळी फळ्याशेजारी टांगली, पाण्यात कुंकू कालवलं आणि बटण दाबलं. एक जोड निसटला आणि लाल पाणी मुख्याध्यापिकाबाईंच्या पांढऱ्या साडीवर गेलं. पोरी हसून हसून लोळल्या. "पर धडा एकीच्या बी डोक्यातनं गेला न्हाई बघ," असं ती पुढं कितीतरी वर्षं सांगायची.

त्या मुक्कामात मी तिला एक प्रश्न विचारला होता. आमच्या धंद्यात मोटार बंद-चालू होत राहिली तर पाणी धक्क्याधक्क्यानं येतं. हृदयसुद्धा ढकलतं, थांबतं, ढकलतं. मग अंगात रक्त सारखं कसं वाहतं? अक्का इतकी खूश झाली की तिनं माझ्या पाठीत धपाटाच घातला. "शहाणा हायस! नळी ताणणारी असती म्हणून. मोटारीनं ढकललं की नळी फुगती. मोटार थांबली की नळी आपसूक आवळती अन् तेवढ्यात रक्त पुढं सारती. फुगताना भिंतीवर जो जोर बसतो तो वरचा आकडा. मोटार दम घेतीय तवाबी नळीत जो जोर उरतो तो खालचा. वय झालं की नळी कडक पडती, फुगंना होती. मग सारा धक्का भिंतीवर." मी म्हणालो, "मग दुखत असंल की माणसाला." "न्हाई ना! तीच तर गोम हाय. दुखत न्हाई, खुपत न्हाई, भूक लागती, झोप लागती. तुझ्या भिंतीतला पाइप फुटायच्या आधी वरडतो का कधी?" हे तिचंच वाक्य आहे. गेले कित्येक दिवस मी गिऱ्हाइकाला पाइप मोजून देतो आणि हे वाक्य डोक्यात फिरत राहतं.

आमच्या घरात प्रेशर हा शब्द अप्पांमुळं आला. अप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांना लकवा झाला, दोन वर्षं खाटेवर काढली आणि गेले. त्यानंतर अक्कानं पाऱ्याचं मशीन घेतलं, ते झाकण उघडलं की उभं राहतं ते, आणि बैठकीतल्या खिडकीजवळच्या टेबलावर मांडलं. रविवारी सकाळी तिचा दरबार भरायचा. गल्लीतल्या बाया, दाजींच्या आडतीवरचे हमाल, कुणाची सासू, कुणाचा मामा. तिचे कायदे कडक. आधी लघवीला जाऊन या. चहा पिऊन आला असाल तर थांबा. पाठ टेकवा, पाय जमिनीला, डावा हात टेबलावर, काळजाच्या उंचीला. आणि तोंड बंद. आमच्या मराठवाड्यातला माणूस तोंड बंद ठेवून बसणार, म्हणजे काय ते समजून घ्या. कुणी पावसाचं काढलं की ती डाफरायची, "बोलू नका, आकडा चढतो." पट्टा गुंडाळायची, फुगा दाबायची, डोळे मिटून कानात नळ्या घालून बसायची. मलाही शिकवलं तिनं. "पट्टा आवळला की दंडातली रक्तवाहिनी दबून बंद. आता हवा सोड, हळू. एका जागी रक्त जोर करून आत घुसतं, तो पहिला ठोका. तो वरचा आकडा. सोडत जा... रक्तवाहिनी पुरी मोकळी झाली की आवाज जातो, तो खालचा. मोकळ्या रक्ताचा आवाज होत न्हाई शिवा, अडवलं की होतो." पोरानं, संगमेशनं, पुण्याहून बटणाचं मशीन पाठवलं ते तिनं कपाटात टाकलं. कानानं ऐकल्याशिवाय तिचा विश्वास बसायचा नाही.

आकडा बरा असला की ती लगेच सांगून टाकायची. वाईट असला की मात्र सांगायची नाही. "पुन्हा बघू," एवढंच म्हणायची, पट्टा सैल करायची, पाण्याचा तांब्या पुढं सरकवायची आणि त्या माणसाला गप्प बसवून ठेवायची. हळूहळू साऱ्या गल्लीला ठाऊक झालं की "पुन्हा बघू" म्हणजे लक्षण ठीक नाही. दुसऱ्यांदाही तसंच निघालं की तिथूनच डॉक्टरकडं पिटाळायची आणि गोळी सुरू झाली की दर रविवारी तोच दम, "बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची न्हाई. गोळी घेताय म्हणून बरं वाटतंय." तिला स्वतःलाही प्रेशर होतं. अप्पांकडून आलेलं. गोळी चालू होती. तिची मोजणी तीच करायची, डाव्या दंडाला पट्टा आणि उजव्या हातात फुगा. आम्ही सगळे निर्धास्त होतो.

मग दाजींच्या छातीत दुखायला लागलं. हृदयाची नळी तुंबलेली निघाली, स्टेंटची रिंग टाकावी लागली. दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून अक्कानं मला हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचं चित्र काढून दाखवलं. आणि त्याच बाकड्यावर, त्याच बैठकीत महादेवाला बोलली की हे सुखरूप घरी आले तर दरसाल सारा श्रावण धरीन. आता ह्यात तुम्हाला विसंगती वाटेल. मला वाटली नाही. आमच्या घरात लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत, आणि तिनं विज्ञान शिकवायला लागल्यावरही तो नेम मोडला नव्हता. पूजा पूजेच्या जागी, धडा धड्याच्या जागी. आधी ती नुसते सोमवार करायची. नवसानंतर श्रावणभर दिवसा पाण्याशिवाय तोंडात काही नाही, संध्याकाळी महादेवाला जाऊन आलं की एकदाच जेवण. नवसानंतरच्या ह्या पहिल्याच श्रावणात मी एकदा सकाळी त्यांच्याकडं गेलो होतो. अक्कानं दाजींना चुरमुऱ्यांची सुशीला वाढली, वर शेंगदाणे, लिंबाची फोड. खाऊन झाल्यावर त्यांच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या, पाणी दिलं आणि गिळेपर्यंत समोर उभी राहिली. "आ करा," म्हणाली. दाजींनी खरंच लहान पोरासारखा आ केला. ती स्वतः उपाशी होती, तोंड सुकलेलं, पण चेहरा असा की आपण काहीतरी मोठं काम करून राहिलोय. मला तेव्हा हसू आलं होतं.

तेराव्यानंतर मंगल देवघर आवरत होती. ती बाहेर आली, बैठकीचं दार लोटून घेतलं आणि पदराखालून स्टीलचा एक गोल डबा काढला. "हे बघा हो." आत अक्काच्या प्रेशरच्या गोळ्यांची पाकिटं. एकही गोळी फोडलेली नाही. श्रावणाच्या आधी आणलेली, जशीच्या तशी. मला पहिल्यांदा काही उमगेना. मी मंगललाच म्हणालो, "जास्तीची आणून ठेवली असतील." ती म्हणाली, "आधीचं एक संपत आलेलं पाकीट बी हाय खाली. आषाढाच्या शेवटाला जिथवर आलंय तिथंच थांबलंय." आम्ही दोघंही तो डबा मांडीवर घेऊन बसलो. बाहेर दाजी कुणाशी तरी बोलत होते, आलेल्यांना चहा घ्या म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मी ती पाकिटं खिशात घालून अक्का-दाजींच्या डॉक्टरांकडं गेलो. भांडायला गेलो होतो खरं तर. त्यांनी पाकिटं उलटून बघितली. "मी त्यांना सकाळी नाश्त्यानंतर एक सांगितली होती," ते म्हणाले. "अन् उपास असला की?" मी विचारलं. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. मग हळूच म्हणाले, "ह्या गोळीला नाश्ता लागत नाही हो. नुसत्या पाण्याबरोबर चालते, तुमच्या दाजींची प्रेशरची गोळीही तशीच. रोजच्या एखाद्या कामाला बांधून दिली की माणूस विसरत नाही, म्हणून आम्ही नाश्त्यानंतर म्हणतो..." म्हणजे आठवणीसाठी मारलेली गाठ होती ती, आणि अक्कानं तिला नियम धरला. नाश्ता नाही, तर नाश्त्यानंतरची गोळी नाही. डॉक्टर पुढं म्हणाले की उपासात सुरुवातीला आकडा जरा उतरतो, मोजलं तर बरा दिसतो, माणूस फसतो. गोळी सुटल्यावर तो परत चढत जातो आणि चढताना काही कळत नाही. बाईंनी एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, म्हणाले. तो माणूस खोटं बोलत नव्हता. मी न भांडताच परत आलो.

मग मला अक्काचा राग यायला लागला. अजून येतो. अगं, साऱ्या गल्लीला दम द्यायचीस, गोळी सोडू नका, डॉक्टरला विचारा, आणि तुझ्या वेळेला तुला विचारायचं सुचलं नाही? की सुचलं, पण श्रावणात मोडता नको म्हणून विचारलं नाहीस? तिचं गणित मला दिसतं. पहिल्या आठवड्यात तिनं स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला असेल, पारा बरा दिसला असेल, मनात म्हणाली असेल, उपासानंच उतरलंय, श्रावण सरला की सुरू करू. अर्धं विज्ञान, अर्धी भक्ती, आणि दोन्हींच्या मधल्या फटीतून ती गेली. ह्या घरात सगळ्यांचं प्रेशर ऐकणारी एक बाई होती आणि तिला "पुन्हा बघू" म्हणणारं कुणी नव्हतं.

राग करत बसायलाही सवड मिळाली नाही. संगमेशचा पुण्याहून फोन आला. "मामा, बाबा गोळ्या घेईनात. मी बोललो की फोन ठेवून देतात. तुमचं ऐकतील."  रिंग टाकलेल्या माणसानं गोळ्या सोडायच्या म्हणजे आपल्या पायानं मसणवाट धरायची. त्याच डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी स्पष्टच सांगितलं, फार दिवस असं चालणार नाही. मला उपाय दिसत होता. दाजींपुढं पाकिटं टाकायची आणि म्हणायचं, अक्का कशानं गेली बघा, तुम्हीही असेच जाणार आहात का? पण श्रावण कुणासाठी होता? त्यांच्यासाठीच ना! तुमच्या जिवासाठी ती उपाशी राहिली आणि त्या उपासानं तिची गोळी सुटली, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? मंगल म्हणाली, "सांगू नका. त्या माणसाला जितेपणी मारू नका." मी म्हणालो, "न सांगितलं तर तो तसाच मरंल." त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

दसरा झाल्यावर एका सकाळी मी एकटाच लातूरला गेलो. दाजी नुकतेच पूजेवरून उठले होते, कपाळावर ओल्या विभूतीचे पट्टे. बैठकीत खिडकीजवळ मशीन तसंच होतं, झाकण बंद, वर अक्कानं विणलेला रुमाल. दाजी वाळलेले. मी समोर बसलो आणि सरळच विचारलं, "दाजी, गोळ्या कामून सोडल्या?"

"कटाळा आला."

"रिंग टाकलेल्या माणसाला कटाळा परवडत न्हाई."

"गोळ्यानं कुणी वाचतंय का रं? तुझी अक्का..." आणि थांबले.

तिथं माझा धीर सुटला. मी खिशातून पाकिटं काढली आणि टेबलावर ठेवली. "अक्कानं घेतल्याच न्हाईत दाजी. साऱ्या श्रावणात एक बी न्हाई." मला वाटलं ते दचकतील, हातात घेऊन बघतील. त्यांनी पाकिटांकडं नजरही वळवली नाही.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले.

 दाजी खिडकीकडं तोंड करून बोलायला लागले. "दर महिन्याला दोघांच्या बी गोळ्या मीच आणायचो की. बघितलं म्या, तिच्या तशाच पडल्यात. विचारलं. तर म्हणली, नाश्ता कुठं करतीय मी, श्रावण सरला की घेते, तुमच्यासाठी धरलाय तर नीट होऊ द्या. अन् म्या..." त्यांनी खिडकीचा गज धरला. "मला बरं वाटलं शिवा. आपल्यासाठी कुणीतरी उपाशी ऱ्हातंय, ह्याचं लई बरं वाटलं मला. रोज तिच्या हातनं सुशीला खायचो, माझी गोळी घ्यायचो, अन् तिला घे म्हणलो न्हाई. आता सांग, तिनं माझ्यापायी सोडल्या. मी कुणापायी घेऊ?"

म्हणजे त्यांचा विश्वास उडाला नव्हता. तो माणूस स्वतःला शिक्षा करून राहिला होता. मला रडू यायला पाहिजे होतं, पण माझं डोकंच फिरलं. आमच्या खानदानाचा तो रोग आहे, दुःख झालं की आम्ही ओरडतो. "मग घालवा वाया!" मी ओरडलो. "तिचा सारा श्रावण मातीत घाला! ती उपाशी बसली ती कशाला, तुम्ही जगावं म्हणूनच ना? तिचा जीव गेला त्या नवसात. अन् तुम्ही आता मरून दाखवणार, की बाई, तुझा नवस फुकट होता! एवढं तरी करू नका हो तिला... एवढं तरी करू नका."  शेजारची बाई खिडकीतून डोकावून गेली.

 मी डोळे पुसले, रुमाल बाजूला ठेवला आणि मशीनचं झाकण उघडलं. का उघडलं ते आता सांगता येणार नाही, हाताला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. दाजींनी बाही वर केली, डावा हात टेबलावर ठेवला. अक्कानं शिकवलं तसं मी पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडत गेलो. पहिला ठोका जिथं ऐकू यायला नको होता तिथंच तो आला, दणकन. मी पाऱ्याकडं बघत राहिलो.

"किती?" दाजींनी विचारलं.

"पुन्हा बघू," मी म्हणालो. तोंडातून तेच निघालं.

दाजींनी माझ्याकडं बघितलं. त्या दोन शब्दांचा अर्थ त्यांना कळत नसता तर कुणाला कळला असता? ते उठले, आतून आपल्या गोळ्यांची पिशवी घेऊन आले, त्यातली प्रेशरची एक फोडून तळहातावर घेतली. आणि तिथंच थांबले. "सकाळधरनं पोटात कायबी न्हाई," म्हणाले. "नाश्ता झाल्याबिगर कशी घेऊ? तुला सुशीला करता येती का?"

एवढी एकच गोष्ट मी त्यांच्यापासून राखून ठेवली होती. तिनं गोळ्या सोडल्या हे त्यांना ठाऊक होतं, पण सोडायची गरजच नव्हती हे ठाऊक नव्हतं. मी आत जाऊन कशीबशी सुशीला करू शकलो असतो. चुरमुरे भिजवायचे, फोडणी द्यायची, त्यात काय आहे? त्या माणसानं खाऊन गोळी घेतली असती आणि हे त्याला जन्मभर कळलं नसतं. मी उठलोसुद्धा. पण उद्या सोमवार येईल, परवा एकादशी, पुढच्या वर्षी श्रावण, आणि आता हाच माणूस तिच्या नावानं उपास धरणार, हे मला दिसत होतं. मी परत बसलो.

"नाश्ता लागत न्हाई, दाजी."

"काय?"

"ह्या गोळीला नाश्ता लागत न्हाई. नुसत्या पाण्यासंगं चालती. मी डॉक्टरला विचारलंय."

"उपाशीपोटी?"

"हाव."

गोळी त्यांच्या तळहातावर होती. ते तिच्याकडं बघत होते. बाहेर नळाला पाणी आलं असावं, गल्लीत कुणाची तरी मोटार सुरू झाली. त्यांनी विचारलं, "मग तिची? तिची बी चालली असती?"

"हाव दाजी. उपास बी झाला असता, गोळी बी झाली असती."

दाजींनी मान हलवली, एकदा, दोनदा, जसा काही कुणीतरी भाव सांगितला आणि तो त्यांना परवडणारा नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग तांब्या उचलला, गोळी तोंडात टाकली, पाणी प्याले. आणि सवयीनं, समोर कुणी उभं नसताना, आ केला. तसाच मिटला. अक्काची खुर्ची त्यांनी पायानं माझ्याकडं सरकवली, पाठ टेकवली, पाय जमिनीला लावले आणि डावा हात पुन्हा टेबलावर ठेवला.

"पुन्हा बघ," म्हणाले.

बोलू नका, असं मी म्हणणार होतो, पण ते बोलत नव्हतेच. मी अक्काच्या खुर्चीत बसलो, पट्टा नीट केला, हवा भरली, कानात नळ्या घातल्या, आणि पहिल्या ठोक्याची वाट बघत राहिलो.